तिऱ्हाइताचा ठसा

खानदेशात सोन्याचा विषय निघाला की पेढीचं नाव आधी येतं आणि कॅरेट मागाहून. जळगावला सुवर्णनगरी म्हणायची पद्धत आहे, ती उगाच पडलेली नाही. राजमल लखीचंद ही इथली पेढी १८५४ सालची. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या हॉलमार्किंगची योजना आणली २००० साली. मधली जवळजवळ दीडशे वर्षं इथल्या सोन्याची ख्याती कोणत्याही सरकारी ठशावाचून टिकली, वाढली आणि विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंतची गिऱ्हाइकं सुभाष चौकाच्या परिसरात येत राहिली. ही ख्याती विकणाऱ्याच्या शब्दावर उभी होती. दागिन्याच्या पाठीला पेढीच्या नावाची बारीक अक्षरं, पावतीवर वजन आणि टंच, आणि तोच दागिना वीस वर्षांनी परत आणला तर मान खाली न घालता घेण्याची तयारी. आजोबांनी ज्याच्याकडून घेतलं त्याच्या नातवाकडे आपण जातो, तेव्हा ही व्यवस्था चोख चालते. पण जुनं स्विस घड्याळ या व्यवस्थेत बसत नाही. त्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, घडवणारा कारागीर हजारो मैलांवरचा, विकणारं दुकान मुंबईच्या फोर्टातलं आणि बहुधा कधीच बंद झालेलं, पावती हरवलेली. काउंटरवर ते येतं तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. बोलतो तो झाकणाच्या आत मारलेला, भिंगाशिवाय न दिसणारा ठसा, आणि नेमका तो वाचण्याची रीत आपल्या बाजारात नाही. ती असायला हवी, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

अशी घड्याळं इकडे आली कशी, याचं आश्चर्य वाटायला नको. फाव्र-ल्युबा या स्विस कंपनीचा हिंदुस्थानातला व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव मुंबईत १८८६ पासून रुजलं. रेल्वेने भुसावळ आणि जळगाव मुंबईला जोडलेले होते. कापसाने पैसा आणला होता. धुळ्याचे वकील, अमळनेर-चाळीसगावचे गिरणीवाले आणि सूत-सरकीचे व्यापारी यांना वेळ पाहण्याइतकीच वेळ पाहताना दिसण्याचीही हौस होती. त्यातली बहुसंख्य घड्याळं सोन्याची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निकेल, चांदी, पोलाद, सोन्याचा पत्रा चढवलेलं पितळ, असा सगळा माल होता. अस्सल सोन्याची केस हा त्यातला लहानसा वाटा. पुढे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, १९६१ मध्ये एचएमटीने देशी घड्याळं काढायला सुरुवात केली, आणि परदेशी सोनेरी घड्याळ ही लग्नात जावयाने मागायची किंवा चोरवाटेने मिळवायची वस्तू झाली. ती पिढी गेली. आता वाटणीच्या वेळी लॉकर उघडतात, सोन्याचा भाव गगनाला भिडलेला असतो आणि घड्याळ सराफाकडे जातं. तिथे दोन प्रश्न विचारले जातात: वजन किती आणि टंच किती. माझं म्हणणं असं की त्याआधी तिसरा प्रश्न विचारावा. हा ठसा कोणी मारला, आणि तो मारण्यात त्याचा फायदा काय होता?

स्वित्झर्लंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर २३ डिसेंबर १८८० च्या कायद्याने दिलं. त्याआधी तिथेही केस घडवणारा स्वतःच कॅरेट कोरत असे आणि परदेशी गिऱ्हाइकाने त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याच्या नशिबावर असे. घड्याळांवर पोट असलेल्या देशाला हे परवडणारं नव्हतं. कायद्याने सोन्याच्या दोनच प्रती अधिकृत ठरवल्या: हजारात ७५० भाग, म्हणजे अठरा कॅरेट, आणि हजारात ५८३ भाग, म्हणजे चौदा. अठरा कॅरेटच्या केसवर हेल्व्हेशियाचं डोकं उमटवायचं. हेल्व्हेशिया म्हणजे स्विस राष्ट्राला स्त्रीरूप देऊन घडवलेली प्रतिमा. चौदा कॅरेटला खार. चांदीसाठी अस्वल आणि त्याहून हलक्या चांदीसाठी रानकोंबडा. हे ठसे कारखानदाराच्या हातात नव्हते. बिएन, ला शो-द-फाँ, जिनिव्हा अशा घड्याळी गावांतल्या अधिकृत तपासणी कार्यालयांत केस नेऊन द्यायची, तिथला परीक्षक तिचं सोनं काढून तपासायचा, आणि कस उतरला तरच बाई किंवा खार झाकणात बसायची. ठशाच्या चित्रात एखादं इवलं अक्षर किंवा खूण असते, ती कोणत्या कार्यालयाने तपासलं ते सांगते. म्हणजे अठरा कॅरेटच्या एका चांगल्या केसमध्ये निदान तीन स्वतंत्र विधानं असतात. '१८ के' किंवा '०.७५०' हा आकडा कारखानदाराचा. शेजारी त्याची स्वतःची खूण, म्हणजे नाव किंवा चिन्ह. आणि तिसरं हेल्व्हेशियाचं डोकं, ज्याच्याशी कारखानदाराचा काही संबंध नाही. आपल्या बाजारात या तिघांना एकच मानलं जातं. 'अठरा के लिहिलंय ना' असं म्हणून पुढे जातात. पण आकडा लिहिणारा माणूस विकणारा आहे. डोकं उमटवणारा तिऱ्हाईत आहे. केस विकली गेली काय आणि पडून राहिली काय, त्याच्या पगारात फरक पडत नव्हता. ठशाचं सगळं मोल या उदासीनतेत आहे.

याचा एक थेट पुरावा स्विस लोकांनीच पुढे दिला. १९३४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने चौदा कॅरेटची रेघ ५८३ वरून ५८५ वर नेली आणि जबाबदारीच्या, म्हणजे कारखानदाराच्या स्वतःच्या, खुणेची सक्ती पक्की केली. केस घडवणाऱ्यांच्या सामाईक खुणाही विसाव्या शतकात रुळल्या. जिनिव्हाच्या कारागिरांसाठी किल्लीचं चित्र आणि तिच्यात कारागिराचा क्रमांक, अशी ती पद्धत. त्यानंतर १ ऑगस्ट १९९५ पासून बाई, खार, अस्वल सगळे निवृत्त झाले आणि सर्व मौल्यवान धातूंसाठी एकच ठसा आला, सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचं डोकं. कॅरेट आता शेजारच्या आकड्यावरून कळतं. कुत्रा कॅरेट सांगत नाही. तो एवढंच सांगतो की दुसऱ्या कोणीतरी तपासलं आहे. शंभर वर्षं चित्रात गुंतलेल्या दोन गोष्टी, प्रमाण आणि साक्ष, त्यांनी सोडवून वेगळ्या केल्या, आणि कोणती गोष्ट सरकारच्या वाट्याची आहे ते उघड झालं.

मुंबईच्या बाजारातून खानदेशात आलेल्या घड्याळात मात्र हेल्व्हेशिया नसण्याचीही बरीच शक्यता असते, आणि इथे घाई करणारा फसतो. ब्रिटनमध्ये १ जून १९०७ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक सोन्याच्या आणि चांदीच्या केसची तपासणी ब्रिटिश कार्यालयात होणं सक्तीचं झालं. त्यामुळे मशीन स्विस आणि ठसे इंग्रजी असा प्रकार सर्रास आढळतो. त्या ठशांत आकडा असतो, आयातदाराची अक्षरं असतात, कार्यालयाचं चिन्ह असतं आणि वर्षाचं अक्षर असतं. 'जी.एस.' ही अक्षरं दिसली की घरचे लोक ती घड्याळाच्या कंपनीची समजतात. ती जॉर्ज स्टॉकवेल या आयात करून देणाऱ्या दलालाची असतात. वर्षाचं अक्षर ही इंग्रजांची मोठी देणगी, कारण स्विस अधिकृत ठशात साल नसतं आणि इंग्रजी ठशात ते असतं. शिवाय इंग्रजांना नऊ कॅरेट चालत असे, म्हणजे हजारात ३७५ भाग. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने ओमेगासकट अनेक स्विस घड्याळांसाठी नऊ कॅरेटच्या केसेस घडवल्या. तिचा संस्थापक एरन डेनिसन हा मूळचा अमेरिकन, वॉल्थमच्या घड्याळ उद्योगाचा एक जनक. धंद्याने त्याला इंग्लंडात आणून सोडलं. स्विस कायद्यात नऊ कॅरेटला स्वतःचं चित्रच नव्हतं. तेव्हा नऊ कॅरेटच्या इंग्रजी केसमध्ये बाई किंवा खार शोधणं हे चुकीच्या ठिकाणी शोधणं आहे, आणि ती सापडली नाही म्हणून केस खोटी ठरवणं त्याहून वाईट. फ्रान्सनेही १८९३ पासून आयात सोन्यावर घुबडाचा ठसा मारायला सुरुवात केली. मराठी घरात झाकण उघडल्यावर घुबड दिसलं तर कोणाचा जीव थाऱ्यावर राहील? पण तो फ्रेंच जकातीचा साक्षीदार आहे, अपशकुन नाही.

आता त्या खुणा घेऊ, ज्या सोन्याबद्दल काहीच सांगत नाहीत आणि तरी सोन्याचा आव आणतात. स्विस क्रॉस आणि त्यापुढचा क्रमांक हे बहुधा पेटंटचं लक्षण असतं. गरुड आणि किल्ली यांचा 'जिनिव्हा सील' हा १८८६ पासूनचा मानाचा ठसा, पण तो मशीनच्या कारागिरीचा आहे. त्याचा केसच्या धातूशी संबंध नाही. खिशातल्या घड्याळांच्या झाकणांत रांगेने कोरलेली प्रदर्शनांची पदकं तर निव्वळ जाहिरात. याहून फसवे ते शब्द, ज्यांत कॅरेट खरोखर लिहिलेलं असतं. 'चौदा के गोल्ड फिल्ड' या चार शब्दांतले पहिले दोन वाचून उरलेले दोन सोडून देणारे आजही आहेत. गोल्ड फिल्ड म्हणजे हलक्या धातूला चिकटवलेला सोन्याचा पातळ पत्रा. अमेरिकन केसेसवर 'वीस वर्षं हमी' असंही असतं, आणि ती हमी पत्रा झिजून आतलं पितळ दिसायला किती वर्षं लागतील याची असते, हे त्या हमीचंच मोठं विनोदी कबुलीपत्र. युरोपातल्या मनगटी घड्याळांवर 'प्लाके', म्हणजे सोन्याचा मुलामा, आणि पुढे दहा किंवा वीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब करून पाहावा: केसची सगळी बाहेरची बाजू वीस चौरस सेंटिमीटर धरली आणि थर वीस मायक्रॉनचा, तर अठरा कॅरेटचं सोनं भरतं सुमारे ०.६ ग्रॅम. उलट दहा ग्रॅमची सबंध अठरा कॅरेटची केस असेल तर तिच्यात साडेसात ग्रॅम शुद्ध सोनं, चौदा कॅरेटची असेल तर ५.८५ ग्रॅम आणि नऊची असेल तर पावणेचार ग्रॅम. बाहेरून ही चारही घड्याळं सारखीच पिवळी दिसतात.

इथे अनुभवी सराफाचा आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. चित्रं कशाला वाचायची? कसोटीचा दगड आहे, तेजाब आहे, आता तर कॅरेट मोजणारं यंत्र प्रत्येक मोठ्या पेढीत आहे. दगड खोटं बोलत नाही. हा आक्षेप अर्ध्यापर्यंत मला मान्य आहे. धातूबद्दल शेवटचा शब्द धातूच्याच परीक्षेचा, आणि हॉलमार्किंग केंद्रांतही शेवटी सोन्याचा कण मुशीत तापवूनच निकाल लागतो. पण दगडावर उमटते ती वरच्या थराची रेघ, आणि यंत्राच्या किरणालाही सोन्यात काही मायक्रॉनपलीकडचं नीट दिसत नाही. जाड प्लाके असेल तर दोन्ही परीक्षा अठरा कॅरेट म्हणतील आणि दोन्ही खऱ्या असतील, फक्त त्या केसबद्दल नसतील. मग कानस मारावी लागते, आणि कानस मारलेली केस पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. दुसरी अडचण अशी की घड्याळाची केस हा एकसंध दागिना नव्हे. खिशातल्या घड्याळाला बाहेरची दोन झाकणं आणि आतलं धुळीपासून रक्षण करणारं तिसरं. बाहेरची सोन्याची आणि आतलं पितळेचं, हा नेहमीचा काटकसरीचा मार्ग होता. झाकण उघडणाऱ्या स्प्रिंगा पोलादाच्या, वरची कडी आणि चावी कधी सोन्याची तर कधी निव्वळ मुलाम्याची. स्विस तपासणी कार्यालयांनी सोनं आहे त्या प्रत्येक झाकणावर वेगळा ठसा मारला, आणि नाही तिथे मारला नाही. ते तिऱ्हाइताने काढून दिलेलं सोन्याचं नकाशापत्रच आहे. तिसरी गोष्ट रंगाची. बावीस कॅरेटच्या पिवळ्या रंगाला सरावलेला डोळा तांब्याने लालसर झालेलं अठरा कॅरेट पाहून कपाळाला आठ्या घालतो, आणि चौदा कॅरेटची रेघ तेजाबात बावीससारखी टिकत नाही म्हणून मनात शंका धरतो. ठसा वाचलेला सराफ कोणत्या कॅरेटची अपेक्षा करायची ते आधी ठरवतो आणि मग दगडाला योग्य प्रश्न विचारतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ठसे बनावट करता येतात. येतातच. हेल्व्हेशियाचं डोकं पितळेवर मारायला एक पोलादी पंच आणि निर्ढावलेलं मन पुरेसं आहे. या आक्षेपाचं उत्तर जळगावात नाही, ते धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करत गेलेल्या या माणसाने मराठी अभ्यासकाला लावलेली सवय म्हणजे अस्सल कागदाची. मराठी कागदाला माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असतं, आणि बनावट शिक्क्यांचे कागद पूर्वीही होते. म्हणून इतिहासकारांनी शिक्के पाहणं सोडून दिलं नाही. शिक्का, मोर्तब, कालगणना, हस्ताक्षर, कागद, मायना आणि मजकुरातली माणसं एकमेकांशी जुळतात का, हे ते तपासत राहिले. बनावट करणारा एक गोष्ट साधतो. सगळ्या गोष्टी एकमेकींना पटतील अशा साधणं त्याला जड जातं. घड्याळाच्या झाकणाला हीच शिस्त लावता येते. मशीन १९५० च्या दशकातलं आणि झाकणात सेंट बर्नार्ड असेल, तर केस किंवा ठसा दोहोंपैकी एक १९९५ नंतरचा आहे. चावीने किल्ली देण्याच्या १८६० च्या सुमाराच्या घड्याळात हेल्व्हेशिया दिसली, तर ती बाई जन्मण्याआधी साक्षीला आली, म्हणजे काहीतरी बदललेलं आहे. हेल्व्हेशियाच्या शेजारी '०.५८५' असेल तर चित्र आणि आकडा एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. कारागिराची खूण कुठेच नसणं, एकाच ठशाची दोन झाकणांवर वेगवेगळी वळणं असणं, ठसा मूळ पृष्ठभागात रुतलेला नसून घासून झाल्यावर मारलेला दिसणं, हे सगळे प्रश्न दगडाने सुटत नाहीत, वाचनाने सुटतात. आणि खरा ठसा असलेली केस दुसऱ्याच मशीनला लावलेली असू शकते. तेव्हा सोनं खरं, घड्याळ मात्र जुळवलेलं. अशा वेळी ठसा धातूबद्दल खरं सांगतो आणि विकणारा घड्याळाबद्दल खोटं.

तिसरा आक्षेप या मातीतला आहे आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. सरकारचा ठसा म्हणजे विश्वास, हे समीकरण खानदेशातल्या सोनाराने का मानावं? त्याच्या आठवणीतलं सरकार वेगळं आहे. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवण्यावर बंदी आली. बावीस कॅरेटवर हात बसलेल्या कारागिरांची रोजी गेली, कित्येकांनी धंदाच सोडला. चौदा कॅरेटची मर्यादा १९६६ मध्ये मागे घेतली गेली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू राहिलं ते थेट १९९० पर्यंत. ज्या चौदा कॅरेटला स्वित्झर्लंडमध्ये खार बसवून मान दिला होता, तोच कस इथे शिक्षेसारखा लादला गेला. त्यामुळे सरकारी खुणेबद्दलची इथली नाराजी मला अडाणीपणा वाटत नाही. पण दोन सरकारांनी केलेली कामं वेगळी होती हे पाहिलं पाहिजे. स्विस कायद्याने कोणता कस घडवायचा हे सांगितलं नाही. नऊ कॅरेटची केसही कारखानदार घडवू शकत होता, फक्त तिला बाई मिळत नव्हती. जे लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच तो पाहत होता. १९६३ च्या सरकारला सोन्याच्या खरेपणात रस नव्हता, सोन्याची भूक मोडण्यात होता. ते तिऱ्हाईत नव्हतं. त्या व्यवहारात त्याचा परकीय चलनाचा हितसंबंध होता. तेव्हा सोनाराने सरकारवर अविश्वास ठेवावा, पण त्याच हिशेबाने ज्याला काही मिळवायचं नव्हतं अशा परीक्षकावर थोडा विश्वासही ठेवावा.

आणि पेढीच्या शब्दावर चालणारी व्यवस्था श्रेष्ठ की तिऱ्हाइताची, या वादात मला पडायचं नाही. पहिलीने जळगाव घडवलं. ती ओळखीच्या परिघात स्वस्त आणि वेगवान आहे. परिघाबाहेर तिचा आवाज पोचत नाही. जळगावच्या पेढीचा ठसा नंदुरबारात ओळखतील, बिएनमध्ये नाही, आणि बिएनच्या केसकाराची खूण जळगावात कोणी ओळखण्याचं कारण नाही. परक्या मुलखात जाणाऱ्या वस्तूला म्हणून तिऱ्हाइताची गरज पडली. आपल्याकडेही माणसं गाव सोडून पुण्या-सुरतेला गेली, दागिने अनोळखी दुकानांतून घेऊ लागली, तेव्हाच हॉलमार्क सक्तीचा झाला. जून २०२१ मध्ये सुरुवातीला २५६ जिल्ह्यांत सक्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. मोबाइलवर तो क्रमांक टाकला की दागिना कोणी घडवला आणि कुठे तपासला ते दिसतं. स्विस झाकणातल्या तीन विधानांचंच हे नवं रूप. पण त्याच आदेशात काही वस्तूंना सूट दिली आहे: कुंदन, पोल्की, जडाऊ, फाउंटन पेन आणि घड्याळ. म्हणजे सोन्याच्या घड्याळाबद्दल भारतीय कायद्याने मुद्दाम मौन पाळलं आहे. दुकानात नव्या बांगडीच्या पाठीशी आज देशाचा मानक ब्यूरो उभा असतो. शेजारी ठेवलेल्या जुन्या ओमेगाच्या पाठीशी अजूनही फक्त ती १८८० ची बाई, तिची खार, किंवा एखाद्या इंग्रजी कार्यालयातला विसरलेला कारकून. ती साक्ष वाचली नाही तर दुसरी उपलब्ध नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. तोळाभर सोनं आहे, भाव चढा आहे, बहिणींमध्ये वाटणी व्हायची आहे, घड्याळ बंद पडलेलं आहे; मोडीत द्यायचं नाही तर काय करायचं? यावर भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. मोड करणं हे सोन्याचं जुनं आणि सन्माननीय काम आहे. खानदेशातल्या आजच्या दागिन्यांत कितीतरी पिढ्यांच्या पाटल्या-वाक्या आटलेल्या असतील. पण मोड करताना झाकणाबरोबर ठसाही आटतो, आणि ठसा हा त्या केसवरचा एकमेव मजकूर असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्यावं, मशीन बाजूला काढावं, दहा पटींच्या भिंगाखाली प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि पट्टा अडकतो त्या शिंगांच्या मागचा फोटो घ्यावा. सराफाने पावतीवर नुसतं 'जुनं घड्याळ, सोनं इतकं' असं न लिहिता हेल्व्हेशिया की खार, आकडा कोणता, कारागिराची खूण काय, इतकं लिहावं. चार शब्दांचं काम आहे आणि उद्या भांडण झालं तर दोन्ही बाजूंना उपयोगाचं. घासून चकचकीत करून मग दाखवायला आणू नये, कारण पॉलिशच्या चाकाखाली सगळ्यांत आधी जातात ते हेच ठसे. इतकं झाल्यावर ज्या केसेसमध्ये मुळात मशीन उरलेलं नाही, डायल गेलेली आहे, झाकण चेपलेलं आहे, किंवा जिथे सोन्याची केस कोणा भलत्याच यंत्राला नंतर बसवलेली आहे, त्या मोडायला माझी काही हरकत नाही. ज्यांत मशीन, केस, खुणा आणि काळ हे चारही एकमेकांना ओळखतात, त्या घड्याळाचा भाव मात्र सोन्याच्या भावावर काढू नये. तो काढणारे लोक बाजारात आहेत, आणि ते मोडीच्या दराच्या वर कितीही देऊन घड्याळ घेऊन जातात ते सोन्यासाठी नव्हे. त्यांनी झाकण आधी वाचलेलं असतं.